झडीचा पाऊस आणि बिजागरीची खिडकी : पाणी नेमके आत येते कुठून?

जूनचा तिसरा आठवडा उलटला, की साताऱ्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तीच छायाचित्रे फिरू लागतात. खिडकीखाली भिंतीवर उतरलेला ओघळ, पोपडे धरलेला रंग, आणि सरकत्या खिडकीच्या पट्टीवर घडी करून ठेवलेला टॉवेल. त्याखाली सल्लाही ठरलेला असतो : सिलिकॉन मारून घ्या. सिलिकॉन मारले जाते, पाऊस संपतो, सगळे विसरतात आणि पुढच्या जूनमध्ये टॉवेल पुन्हा कपाटातून बाहेर येतो. इमारत नवी, काच जाड, ॲल्युमिनियम चकचकीत, मग पाणी येते कसे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायचे तर खिडकी बंद करणे आणि खिडकी पाण्याला दाद न देणारी करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आधी मान्य करावे लागते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सातारा शहरात तो साधारण हजारावर येतो आणि पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास उरतो. पण खिडकीच्या दृष्टीने वर्षाचा एकूण पाऊस फारसा कामाचा नाही. सरळ खाली पडणारा पाऊस खिडकीला त्रास देत नाही. तो छपराचा प्रश्न आहे. खिडकीला छळते ती झड, म्हणजे वाऱ्याने आडवा होऊन भिंतीवर आदळणारा पाऊस. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्याच्या भरवशावर उभ्या केल्या, तोच पश्चिमेचा वारा पावसाळ्यात यवतेश्वरावरून उतरतो आणि शहराच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर झड घेऊन येतो. त्यामुळे एकाच फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी ठणठणीत कोरडी आणि पश्चिमेची ओलीगच्च, असे दृश्य दिसते. दोन्ही खिडक्या एकाच कारागिराने एकाच दिवशी बसवलेल्या असतात.

पाण्याच्या वाटा

खिडकीतून पाणी आत येण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती सगळी आपण स्वयंपाकघरात रोज पाहतो. पहिले कारण उतार : पाणी उताराकडे धावते, म्हणून खिडकीखालची फरशी आत कललेली असेल तर पुढे बोलायलाच नको. दुसरे थेंबाचा वेग. वाऱ्याने फेकलेला थेंब सरळ समोरच्या फटीतून आत उडतो. फटीपुढे एखादी कड आडवी असली की तो तिथेच आपटतो. ही दोन कारणे कोणालाही समजतात आणि बहुतेक खिडक्यांत त्यांचा बंदोबस्त केलेलाही असतो.

तिसरे कारण फसवे आहे. पातेल्यातून दूध हळूहळू ओतताना ते ग्लासात न पडता पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बुडाकडे जाते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. पाणी पृष्ठभागाला चिकटून उलटेही वाहू शकते. छज्जाच्या किंवा खिडकीच्या खालच्या कडेला आलेला थेंब तसाच खालच्या पृष्ठभागाला चिकटून भिंतीच्या दिशेने आत सरकतो. त्याला तोडण्यासाठी त्या कडेच्या खालच्या अंगाला लांबलचक खाच ठेवतात; खाचेपाशी आलेला थेंब पुढे जाऊ शकत नाही आणि गळून पडतो.

या खाचेचे मोल मला आमच्या गावाकडच्या घरात कळले. जुन्या सागवानी खिडकीतून अनेक वर्षे पाणी आले नव्हते आणि मग एका पावसाळ्यात येऊ लागले. झडप कुजली असावी असे आम्ही धरून चाललो. मेढ्याकडून आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी झडप उघडून तिच्या खालच्या कडेखालून नुसते बोट फिरवले आणि म्हणाले, “खाच बुजलीय की ओ.” दर दिवाळीला दिलेल्या ऑइलपेंटच्या थरांनी ती बोटभर रुंदीची खाच पार सपाट झाली होती. त्यांनी पटाशीने ती पुन्हा कोरून काढली, कोरलेल्या लाकडाला तेल पाजले आणि दहा मिनिटांत काम संपवले. त्या पावसाळ्यात खिडकीखालची भिंत कोरडी राहिली.

चौथे कारण म्हणजे दिव्याची वात. तेल वातीतून वर चढते, तसेच पाणी अतिशय अरुंद फटीतून स्वतःहून आत, प्रसंगी वरही ओढले जाते. दोन पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतील, मध्ये केसाएवढी फट असेल, तर ती फट वातीसारखी वागते. फट पाच-सहा मिलिमीटर रुंद केली की ही ओढ संपते. म्हणून ‘फट जितकी बारीक तितकी चांगली’ हा आपला समज खिडकीच्या बाहेरच्या कडेला लागू पडत नाही.

पाचवे कारण हवेचा दाब. खिडकीचा खरा वैरी हाच आहे.

वारा पाणी किती उंच चढवतो?

वारा भिंतीवर आदळतो तेव्हा बाहेर दाब वाढतो आणि खोलीत तो कमी असतो. दाबातला हा फरक पाण्याला फटीतून आत ढकलतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आय.एस. ८७५ या मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यातले मूळ सूत्र सोपे आहे : वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. उत्तर पास्कलमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात मिळते. पास्कल डोळ्यांसमोर येत नसेल तर एवढे लक्षात ठेवावे, की सुमारे १० पास्कल दाब पाण्याला एक मिलिमीटर वर उचलून धरतो.

आता हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्याचा दाब ६० पास्कल, म्हणजे पाणी सहा मिलिमीटर वर चढले. ताशी ५४ किलोमीटरला १३५ पास्कल, जवळजवळ १४ मिलिमीटर. ताशी ७२ किलोमीटरच्या झोताला २४० पास्कल, म्हणजे २४ मिलिमीटरच्या पुढे. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हाळीची आतली कड जर २० मिलिमीटर उंच असेल, तर साध्या पावसात ती पुरते आणि मोठा झोत आला की पाणी तिच्यावरून खोलीत उतरते. यात खिडकी फुटलेली नसते, सांधा सुटलेला नसतो. कडच अपुरी असते. खिडकी वर्षातले साडेतीनशे दिवस उत्तम चालते आणि नेमकी त्या चार रात्री दगा देते, त्याचे कारण हे आहे.

आमच्या शाहूपुरीतल्या फ्लॅटमध्ये जुलैतल्या अशाच एका रात्री मी बॅटरी घेऊन पश्चिमेच्या सरकत्या खिडकीसमोर गुडघ्यांवर बसलो होतो. पन्हाळीत पाणी साठले होते आणि ते चहाच्या आधणासारखे बुडबुडत होते. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांतून वारा आत घुसत होता, पाण्यातून बुडबुडे काढत होता आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर चमचाभर पाणी आतल्या कडेवरून फरशीवर सांडत होते. इतक्यात घरातून कोणीतरी धूर जावा म्हणून पूर्वेची, स्वयंपाकघरातली खिडकी उघडली आणि बुडबुड्यांना एकदम जोर चढला. ती बंद करायला सांगितल्यावर ते मंदावले. पूर्वेची बाजू वाऱ्याच्या आडोशाला असते आणि तिथे हवा बाहेर ओढली जाते. ती खिडकी उघडताच घरातला दाब आणखी उतरला आणि पश्चिमेकडचा फरक वाढला. त्या खिडकीला तोवर तीनदा सिलिकॉन लावून झाले होते आणि ते सगळे बाहेरून.

कौलाला सिलिकॉन का लागत नाही?

मंगलोरी कौलांचे छप्पर आठवावे. दोन कौलांच्या मध्ये सांधा बुजवलेला नसतो. हात घातला तर हवा लागते. तरीही धो-धो पावसात माळा कोरडा असतो. एक तर कौल कौलावर चढलेले असते आणि उतार दिलेला असतो, त्यामुळे पाण्याला आत यायला उलटे चढावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की माळ्यावरची हवा मोकळी असते. कौलांच्या वर आणि खाली दाबात फारसा फरक पडत नाही, मग पाण्याला ढकलणार कोण? महाबळेश्वर-जावळीकडे जुन्या घरांच्या पावसाकडच्या भिंतींना पावसाळ्याआधी गवताचे आडोसे बांधत. आडोसा स्वतः भिजायचा, त्याच्यामागे हवा खेळायची आणि झड भिंतीपर्यंत पोहोचायचीच नाही. शेतात भात लावताना पाठीवर घेतलेले इरलेही याच जातीचे आहे : ते अंगाला चिकटत नाही, म्हणूनच अंग कोरडे ठेवते.

हीच कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वे आणि कॅनडातल्या इमारत-संशोधकांनी शास्त्रीय भाषेत मांडली आणि आज चांगल्या खिडक्या तिच्यावरच आधारलेल्या असतात. तिला आपण ‘दोन टप्प्यांचा अडसर’ म्हणू. बाहेरचा टप्पा पावसाला अडवतो, पण हवाबंद नसतो; तिथे पाच-सहा मिलिमीटरची मोकळी फट मुद्दाम ठेवतात. त्यामागे एक पोकळी असते, तिच्या तळाला बाहेर उघडणारी निचऱ्याची छिद्रे असतात. पोकळीच्या आतल्या बाजूला दुसरा टप्पा, म्हणजे हवा रोखणारे रबर असते. वारा आला की मोकळ्या फटीतून हवा पोकळीत शिरते आणि पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाएवढा होतो. मग बाहेरच्या, ओल्या फटीच्या दोन्ही अंगांना दाब सारखा, म्हणून पाण्याला ढकलायला जोर उरत नाही. दाबाचा सगळा फरक आतल्या रबरावर येतो आणि ते रबर कोरडे असते. चुकून आलेले चार थेंब पोकळीत पडतात आणि छिद्रांतून बाहेर जातात.

यावरून माझे मत असे झाले आहे, की चांगल्या खिडकीचा आराखडा ‘पाणी आत येणारच’ असे गृहीत धरून काढलेला असतो. पाणी येणारच नाही, अशा समजुतीवर काढलेल्या आराखड्याचे भवितव्य एका सांध्यावर टांगलेले राहते.

मग बिजागरीच काय म्हणून?

सरकती खिडकी सरकायची तर तिच्याभोवती मोकळीक लागते. त्या मोकळिकीत रबर घट्ट दाबून बसवता येत नाही, बसवले तर खिडकी हलणार नाही. म्हणून तिथे बारीक केसांची ब्रशपट्टी लावतात. ब्रश धूळ अडवतो, थोडी हवा अडवतो, पण दाबाखालच्या पाण्याला तो फार काळ अडवू शकत नाही. त्यातच दोन झडपा जिथे एकमेकींवर चढतात, तिथे वर आणि खाली बोटभर भोके राहतात.

बिजागरीची झडप मिटताना चौकटीवर दाबली जाते. डब्याचे झाकण आणि त्याचे रबर यांचे जे नाते, तेच इथे. दोन-तीन मिलिमीटर दबलेले रबर चारही बाजूंनी सलग लागते आणि हवा थांबते. आपल्याकडे या कामासाठी ईपीडीएम या प्रकारचे काळे रबर वापरतात; उन्हात ते साध्या प्लॅस्टिक पट्टीपेक्षा कितीतरी अधिक टिकते. मात्र रबराचे कोपरे पाहावेत. कारागीर घाईत असला तर चार पट्ट्या सरळ कापून कोपऱ्यात भिडवतो, वर्षभरात रबर थोडे आकसते आणि चारही कोपऱ्यांत फट पडते. रबर एकसंध वळवलेले किंवा कोपऱ्यात चिकटवलेले असावे आणि त्याचा जोड खाली न येता वरच्या बाजूला यावा.

सरकत्या खिडक्या वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पूर्वेला, व्हरांड्याच्या आत, गॅलरीच्या मागे त्या सोयीच्या आहेत, जागा खात नाहीत आणि मच्छरजाळीची झडपही त्यांच्यात सहज बसते. पश्चिम आणि नैऋत्य या दोन बाजूंपुरते बिजागरीकडे वळावे, एवढेच म्हणणे आहे. सगळे घर बदलण्याची गरज नाही.

झडप बाहेर उघडावी की आत?

झडीच्या बाजूला बाहेर उघडणारी बरी. वारा तिला बाहेरून दाबतो, म्हणजे रबरावर अधिकच घट्ट बसवतो. आत उघडणाऱ्या झडपेला वारा रबरापासून दूर ढकलतो आणि तिचा सगळा भार कडीवर येतो. दोन फूट रुंद, चार फूट उंच झडपेवर ताशी ७२ किलोमीटरच्या झोताचा जोर सुमारे १८ किलो भरतो. कडी मध्यभागी एकच असेल, तर झडपेचे वरचे आणि खालचे कोपरे या जोराने किंचित बाक घेतात आणि पाणी नेमके तिथून येते. यावर उपाय म्हणजे एकच मूठ फिरवल्यावर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी अडकणारी कडी. बाहेर उघडणाऱ्या झडपेलाही ती उपयोगी पडते, कारण वारा काही नेहमी ढकलत नाही. इमारतीच्या कोपऱ्यापाशी तो ओढतोही.

दोन झडपांची खिडकी असेल तर मधली उभी रेघ ही सगळ्यांत कच्ची जागा असते, कारण तिथे मागे चौकट नसते. एका झडपेला वर-खाली खिट्ट्या लावून ती पक्की करावी आणि दुसरी तिच्यावर चढून बसेल अशी खाच ठेवावी. शक्य असेल तर मध्ये उभा दांडा देऊन दोन स्वतंत्र खिडक्याच कराव्यात.

आणखी एक प्रकार आपल्याकडे विनाकारण मागे पडला आहे : वरून टांगलेली, खालून बाहेर उघडणारी झडप. ती अर्धी उघडली की स्वतःच छोट्या छज्जासारखी वागते. रिमझिम चालू असताना हवा हवी असेल तर याहून सोयीचे काही नाही. जोराच्या झडीत मात्र तीही मिटावीच लागते.

बिजागरीवरचा भार

झडप जड झाली की ती कडीच्या बाजूला खाली झुकते, वरच्या कोपऱ्यात रबर सुटते आणि खालच्या कोपऱ्यात घासते. पाच मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. दोन बाय चार फुटांच्या झडपेत नुसती काच नऊ किलो होते, चौकटीसह ती पंधरापर्यंत जाते. दोन बिजागऱ्यांत एक मीटर अंतर धरले, तर वरच्या बिजागरीला ही झडप सुमारे साडेचार किलोच्या जोराने आडवी ओढते. आता तीच झडप दुप्पट रुंद केली तर वजन दुप्पट आणि टांगलेला पल्लाही दुप्पट होतो. ओढ अठरा किलोवर, म्हणजे चौपटीवर जाते. ‘एकच मोठी झडप छान दिसते’ या हट्टापायी दोन वर्षांत खिडकी झुकते, ती अशी. झडीच्या बाजूला झडप दोन-सव्वादोन फुटांपेक्षा रुंद न करणे शहाणपणाचे.

ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडक्यांत हल्ली साध्या बिजागरीऐवजी फ्रिक्शन स्टे वापरतात. हा पोलादी पट्ट्यांचा दुमडणारा हात असतो. झडप जिथे सोडाल तिथे घर्षणाने थांबते, वाऱ्याने आपटत नाही. तो झडपेच्या वजनाच्या हिशेबाने निवडावा लागतो आणि स्टेनलेस स्टीलचाच असावा. साधे लोखंड आपल्या पावसात दुसऱ्या वर्षी गंज ओकू लागते.

चौकट ओळंब्यात (उभी सरळ) आणि गुण्यात (कोपरे काटकोनात) नसेल तर वरचे सगळे व्यर्थ आहे. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल, तर दोन-तीन मिलिमीटर दबणारे रबर एका कोपऱ्यात चौकटीला शिवणारच नाही. हे मोजायला दोन मिनिटे लागतात आणि ते गिलाव्याच्या आधी करायचे असते.

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट

खिडकी निर्दोष आणि तरी भिंत ओली, असे असेल तर पाणी चौकटीच्या कडेने येत असते. साताऱ्यात खिडकीला ग्रॅनाइटच्या पट्ट्यांची चौकट करण्याची पद्धत आहे. दिसायला ती देखणी असते, पण खालची पट्टी बहुतेकदा सपाट बसवलेली असते, कधी चक्क आत कललेली. तिला बाहेर उतार हवा. दर दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर ठेवला तरी पुरतो. तिची बाहेरची कड भिंतीपुढे थोडी आलेली हवी आणि तिच्या खाली ती थेंब तोडणारी खाच हवी. पट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी उभ्या पट्टीच्या सांध्यात शिरते, म्हणून त्या सांध्याखाली जलरोधक थर आधीच घालून टोकांना वर वळवावा लागतो. ग्रॅनाइट बसल्यावर हे करता येत नाही.

ही फट नुसत्या सिमेंटने भरून भागत नाही, याचे कारण ऊन. चैत्रातल्या उन्हात आणि पौषातल्या पहाटे पश्चिमेच्या चौकटीच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने दीड मीटर लांबीचे ॲल्युमिनियम जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते-आखडते; यूपीव्हीसी त्याच्या तिप्पट, चार मिलिमीटरच्या आसपास. सिमेंटला ही हालचाल झेपत नाही आणि केसाएवढी भेग पडते. ती पुढे वातीचे काम करते. सिलिकॉनची खरी जागा इथे आहे. पण तेही पातळ रेघ ओढून चालत नाही. मूळ रुंदीच्या चौथाईइतके ताणले जाणारे सीलंट असेल, तर दीड मिलिमीटरच्या हालचालीसाठी फट किमान सहा मिलिमीटर रुंद ठेवावी लागते. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात, म्हणजे सीलंट मागे न चिकटता फक्त दोन बाजूंना चिकटते आणि रबरासारखे ताणता येते. ओल्या किंवा धूळ बसलेल्या कडेवर मारलेले सीलंट नखाने निघते. म्हणून हे काम पावसाळ्यात, गळती चालू असताना करणे म्हणजे ओल्या पाटीवर खडूने लिहिणे.

‘सगळ्या फटी बुजवून टाकल्या तर?’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. बाहेरची मोकळी फट बुजवली, की पोकळीत बाहेरचा दाब पोहोचत नाही आणि पाण्याला आत ढकलणारा फरक थेट त्या सिलिकॉनवर येतो. तिथे एक टाचणीएवढे भोक राहिले तरी पाणी दाबाने आत येते. त्याहून वाईट म्हणजे उत्साही कारागीर निचऱ्याची छिद्रेही बुजवतो. मग आत आलेले पाणी बाहेर जाऊच शकत नाही आणि खोलीत उतरते. खिडकीच्या बाहेरच्या खालच्या पट्टीवरच्या त्या आडव्या चिरा कारखान्यातली चूक नव्हे. रंगारी, गवंडी आणि घर करणाऱ्या मुंग्या या तिघांपासून त्यांना सांभाळावे लागते. छिद्र गोल आणि बारीक असेल तर पाण्याचा थेंबच त्यात बुचासारखा अडकतो. म्हणून पाच मिलिमीटर रुंद आणि पंचवीस-तीस मिलिमीटर लांब अशी चीर चांगली.

‘छज्जा मोठा केला की झाले!’

छज्जा हवाच, पण त्याची हद्द ओळखावी. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर दीड फुटी छज्जा त्याच्याखालची जेमतेम एक फूट जागा कोरडी ठेवतो. चार फुटी खिडकीचा खालचा तीन फूट भाग भिजतोच. जुन्या वाड्यांतल्या खिडक्या कोरड्या राहिल्या त्या लहान होत्या म्हणून, हातभर जाड भिंतीत आत बसवल्या होत्या म्हणून आणि वर खोल वळचण होती म्हणून. आज आपण सहा इंची भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी भली मोठी काच लावतो. चौकट भिंतीत तीन-चार इंच जरी आत घेतली, तरी थोडा फरक पडतो.

ग्रिल, मुले आणि कोंडलेली हवा

बाहेर उघडणाऱ्या झडपेला बाहेरून ग्रिल लावता येत नाही, ही अडचण खरी आहे आणि सरकत्या खिडक्या घरोघरी पोहोचल्या त्यात तिचा वाटा मोठा आहे. ग्रिल आतून लावावे, झडप उघडता येईल एवढी जागा गजांत ठेवावी आणि मच्छरजाळी गुंडाळणारी घ्यावी. एका तरी खोलीतले ग्रिल आतून उघडणारे असावे, आग लागली तर बाहेर पडायला. वरच्या मजल्यावर बाहेरून काच पुसणे कठीण जाते. त्यासाठी झडप चौकटीपासून सरकून बिजागरीच्या बाजूलाही हात घालता येईल अशा प्रकारचे स्टे मिळतात.

दुसरी शंका हवेची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. खिडक्या हवाबंद झाल्या की चार महिन्यांच्या दमट हवेत कपाटामागे बुरशी धरते, ओले कपडे वाळत नाहीत. वाऱ्याच्या आडोशाची खिडकी थोडी उघडी ठेवावी हा साधा उपाय, पण वर पाहिल्याप्रमाणे झडीच्या रात्री तोच उलटतो. पश्चिमेच्या खिडक्या खरोखर चांगल्या असतील तरच तो निभावतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर मात्र तिथला झरोका कोणत्याही कारणाने बुजवू नये. बंद जागेत गॅस जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास देत नाही आणि जीव घेतो.

लाकडाबद्दल एवढेच : लाकूड उन्हाने नव्हे, ओलीने फुगते. झडपेच्या सहाही बाजूंना, विशेषतः डोळ्यांना न दिसणाऱ्या खालच्या कडेला, रंग किंवा पॉलिश हवे. खाच तेवढी बुजू देऊ नये.

घेताना आणि बसवल्यावर काय पाहावे?

कारखान्यांत खिडकीवर पाण्याचा फवारा मारत हवेचा दाब पायरीपायरीने वाढवतात आणि पाणी कधी आत येते ते नोंदवतात. युरोपीय मानकात १५० पास्कलला टिकलेली खिडकी ४-ए, ३०० ला टिकलेली ७-ए आणि ६०० पास्कलला टिकलेली ९-ए म्हणवते. विक्रेत्याला ‘वॉटरप्रूफ आहे का’ असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थीच येते. ‘किती पास्कलला तपासली आहे’ असे विचारावे. काही जण कागद दाखवतात, काही जण विषय बदलतात.

घरी करता येण्याजोग्या परीक्षाही आहेत. वर्तमानपत्राची पट्टी झडपेत धरून खिडकी बंद करावी आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली, तर तिथे रबर दबत नाही. अशी पट्टी चारही कोपऱ्यांत आणि कड्यांच्या मधल्या जागी लावून पाहावी. वाऱ्याच्या दिवशी बंद खिडकीच्या कडेने उदबत्ती फिरवली की धुराची रेघ कुठे मोडते ते दिसते. पाण्याची परीक्षा घ्यायची तर बाहेरून पाईपने पाणी मारताना खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे. आधी खालची फरशी, मग चौकटीचा खालचा सांधा, मग झडपेची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि कोणत्या सांध्याने दगा दिला ते कळत नाही. पाईपच्या पाण्याला झडीचा दाब नसतो, त्यामुळे या परीक्षेत पास झालेली खिडकी जुलैत नापास होऊ शकते. नापास झालेली मात्र जुलैत नक्की गळणार.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीला गेल्या उन्हाळ्यात दोन अरुंद, बाहेर उघडणाऱ्या झडपा बसवल्या, मध्ये उभा दांडा ठेवला आणि खालची ग्रॅनाइटची पट्टी काढून उतार देऊन पुन्हा बसवली. जुलैत झडीच्या रात्री पुन्हा बॅटरी घेऊन बसलो. पोकळीत पाणी आले होते. काचेला नाक लावून पाहिले तर तळाशी बारीक धार चिरेकडे सरकताना दिसत होती. आतल्या रबरावर बोट फिरवले, ते कोरडे निघाले. डाव्या झडपेखालची चीर मात्र अर्धी तुंबली होती, गिलाव्याचा खडा अडकला होता. तो दुसऱ्या दिवशी झाडूच्या काडीने काढला.